प्रोग्रामची गाठ कुठे सोडायची?

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद तलाठ्याच्या हातून खातेदाराच्या मोबाइलमध्ये आली. बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर घाटावर चिखली-मेहकर-लोणारचे सोयाबीन, घाटाखाली मलकापूर-नांदुरा-खामगावचा कापूस आणि तूर, हे सगळे आता शेतात उभे राहून, फोटो काढून नोंदवायचे. या धोरणाच्या बऱ्यावाईटावर पुष्कळ लिहून झाले आहे. पण ज्या प्रोग्रामवर हे काम चालते, त्याच्या आकारमानाचा विचार फार कमी होतो. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत हजारो खातेदार एकदम ॲप उतरवू लागतात. त्यांच्या फोनमध्ये जागा शिल्लक नसते, रेंज एका दांडीची असते आणि ॲप उघडायला वेळ लागला की माणूस बांधावरून परत फिरतो. प्रोग्राम लहान हवा, लवकर उतरायला हवा आणि लगेच सुरू व्हायला हवा, अशा तीन मागण्या इथे एकाच फाइलपुढे उभ्या राहतात. प्रोग्राम कॉम्प्रेस केला की आकार घटतो, पण उलगडायला वेळ लागतो. म्हणजे आकार आणि वेग यांची अदलाबदल करावी लागते, असे संगणकाच्या पुस्तकांत शिकवले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गेल्या पस्तीस वर्षांतला पुरावा पाहिला तर दिसते की खरा प्रश्न कॉम्प्रेशन किती करावे हा नसून ते कुठे सोडावे, किती वेळा सोडावे आणि तो वेळ कोणाच्या खात्यावर पडावा, हा आहे.

आधी प्रोग्राम दबतोच का, ते पाहू. कॉम्प्रेशनचे आजचे बहुतेक प्रकार दोन जुन्या कल्पनांवर उभे आहेत. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये दाखवले की जे चिन्ह वारंवार येते त्याला लहान संकेत आणि जे क्वचित येते त्याला लांब संकेत दिला तर एकूण मजकूर आखडतो. १९७७ मध्ये अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी दुसरी वाट दाखवली: आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता ‘इतक्या मागे जा आणि इतकी अक्षरे उचल’ एवढेच लिहायचे. यंत्रभाषेतला प्रोग्राम या दोन्ही गोष्टींना चांगलाच बळी पडतो. कंपायलर एकाच साच्यातून हजारो फंक्शने काढतो. प्रत्येकाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच त्या सूचना असतात. फाइलमध्ये संदेश असतात, तक्ते असतात, शून्यांनी भरलेल्या रिकाम्या जागाही असतात. एक अडचण मात्र फक्त प्रोग्रामांची आहे. इंटेल धाटणीच्या प्रोसेसरवर एखादे फंक्शन बोलावताना त्याचा पत्ता ‘इथून इतके पुढे’ असा सापेक्ष लिहिलेला असतो. एकच फंक्शन शंभर ठिकाणांहून बोलावले तर शंभर वेगळे आकडे उमटतात आणि पुनरावृत्ती असूनही ती दिसत नाही. म्हणून चांगली कॉम्प्रेशन साधने आधी हे सापेक्ष पत्ते निरपेक्ष करून घेतात. मग शंभर ठिकाणी एकच आकडा येतो आणि लेम्पेल-झिवला तो सापडतो. उलगडताना हीच क्रिया उलटी करायची. एवढ्याशा युक्तीने अल्गोरिदम न बदलता फाइल आणखी आखडते, कारण ती दाबणाऱ्याला माल कळलेला असतो.

ही विद्या प्रोग्रामांना लावण्याची पहिली मोठी लाट फ्लॉपीच्या काळात आली. पुढे एफएफएमपेग आणि क्यूईएमयू लिहिणाऱ्या फाब्रिस बेलार यांनी १९८९ मध्ये एलझेडएक्सई हे साधन काढले. ते डॉसचा प्रोग्राम दाबून त्याच्या तोंडाशी उलगडणारा एक छोटा तुकडा जोडत असे. प्रोग्राम सुरू केला की आधी तो तुकडा चालायचा, मेमरीत मूळ प्रोग्राम उभा करायचा आणि बाजूला व्हायचा. पुढच्याच वर्षी पीकेलाइट आले. १९९६ पासून मार्कुस ओबरहुमर आणि लास्लो मोल्नार यांनी घडवलेले यूपीएक्स आजही वापरात आहे. प्रोग्राम ५० ते ७० टक्क्यांनी घटतो असा त्याचा दावा आहे आणि सर्वसाधारण फाइलींवर तो खरा ठरतो. त्या काळी यात वेगाचा तोटा नव्हता, उलट फायदाच होता. फ्लॉपी इतकी मंद वाचली जायची की अर्धी फाइल वाचून ती उलगडणे हे पूर्ण फाइल वाचण्यापेक्षा लवकर आटपायचे. आकार आणि वेग हातात हात घालून चालले. एकाच्या बदल्यात दुसरे गमवावेच लागते हा नियम इथेच पहिल्यांदा मोडलेला दिसतो, आणि तो मोडण्याचे कारण प्रोग्राममध्ये नसून तो ज्या वाटेने येतो त्या वाटेत आहे.

मग हे साधन मागे का पडले? ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्या म्हणून. विंडोज, लिनक्स आणि त्यावर उभा अँड्रॉइड प्रोग्राम अख्खा उचलून मेमरीत आणत नाहीत. फाइलचे बहुधा चार किलोबाइटचे पान जेव्हा लागेल तेव्हाच वाचले जाते. मोठ्या प्रोग्राममधला बराच भाग एखाद्या वापरात कधी हातच लागत नाही, तो डिस्कवरच राहतो. शिवाय एकाच लायब्ररीचे पान दोन प्रोग्रामांना लागले तर ते मेमरीत एकदाच ठेवले जाते. आणि मेमरी कमी पडली तर ते पान सरळ टाकून देता येते, कारण मूळ प्रत फाइलमध्ये आहेच. स्वतःला उलगडणारा प्रोग्राम हे तिन्ही फायदे एका फटक्यात घालवतो. तो पहिल्याच क्षणी सगळा उलगडतो, लागणारा आणि न लागणारा दोन्ही. उलगडलेली पाने त्याची एकट्याची होतात, दुसऱ्याला वाटून घेता येत नाहीत. आणि ती टाकूनही देता येत नाहीत, कारण फाइलमध्ये त्यांची तशी प्रत नाहीच. डिस्कवर वाचवलेली जागा अशी मेमरीत दुप्पट-तिप्पट भरावी लागते. त्यात भर म्हणजे व्हायरस लिहिणाऱ्यांनीही स्वतःचा माल लपवायला हीच साधने वापरली, त्यामुळे दाबलेला सरळ प्रोग्रामही अँटिव्हायरसला संशयित वाटू लागला. डिस्क मोठी आणि स्वस्त झाल्यावर हा सौदा बहुतेकांनी सोडून दिला, आणि ते बरोबरच होते.

पण यातून ‘प्रोग्राम कॉम्प्रेसच करू नये’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. इथे खामगावच्या कापसाचे उदाहरण कामाला येते. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा सुरू झाला तो वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी. सुटी रुई डब्यात भरली तर डबा फुगतो आणि वजन भरत नाही. म्हणून जिनिंगमध्ये सरकी वेगळी करून प्रेसिंगमध्ये रुईची घट्ट गाठ बांधायची. आज ती गाठ साधारण १७० किलोची धरतात. प्रेसवाल्याने कितीही जोर लावला तरी ती गाठ बांधली जाते वाटेसाठी. गिरणीत पोहोचली की ती एकदाच सोडायची, पिंजायची आणि मगच सूत काढायचे. गाठीतून थेट सूत काढायचा प्रयत्न कोणी करत नाही. स्वतःला उलगडणाऱ्या प्रोग्रामची चूक नेमकी ही होती: वाटेची गाठ त्याने घरात आणली आणि दर वेळी कामाला बसताना नव्याने सोडायचे ठरवले.

आता वेगाकडे नीट पाहू, कारण ‘वेग’ या एका नावाखाली निदान तीन वेगळे वेग लपतात. दाबायचा वेग, वाटेवरचा वेग आणि उलगडायचा वेग. कॉम्प्रेशनची तुलना बहुधा सिलेशियन तांत्रिक विद्यापीठात २००३ साली जमवलेल्या फाइलींच्या संचावर करतात. त्यात मोझिला आणि ओपन ऑफिसचे खरे प्रोग्रामही आहेत, म्हणून तो आपल्या कामाचा. या संचावर यान कोलेट यांनी लिहिलेले एलझेडफोर फाइल जेमतेम निम्मी करते, पण चांगल्या डेस्कटॉपवर सेकंदाला चार गिगाबाइटच्या आसपास उलगडते. त्यांचेच नंतरचे झेडस्टॅण्डर्ड अगदी हलक्या पातळीवरही साधारण २.९ पट दाबते आणि दीड गिगाबाइटच्या वेगाने उलगडते. झिप फाइलीतले जुने डिफ्लेट तितक्याच पातळीवर त्याहून थोडे कमी दाबते आणि चारपट हळू उलगडते. सेव्हन-झिपचे इगोर पावलोव यांचे एलझेडएमए सर्वांत जास्त दाबणाऱ्यांत आहे, पण उलगडताना सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या घरात रेंगाळते. स्वस्त फोनवर त्याहून पुष्कळ खाली. झेडस्टॅण्डर्डने डिफ्लेटला दोन्ही अंगांनी मागे टाकले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अदलाबदलीची रेषा दगडावरची नसते, चांगली कल्पना आली की ती पूर्ण रेषाच पुढे सरकते. मात्र रेषा कुठेही असली तरी तिच्यावरचा कोणता बिंदू निवडायचा हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरते.

एक साधा हिशेब मांडून पाहू; आकडे धरून चाललेले आहेत, पण वास्तवापासून फार दूर नाहीत. समजा प्रोग्राम ६० एमबीचा आहे. एलझेडफोरने तो ३० होतो, एलझेडएमएने २०. स्वस्त फोन पहिला प्रकार सेकंदाला ६०० एमबी उलगडतो, म्हणजे ०.१ सेकंदात, दुसरा प्रकार ३० एमबी, म्हणजे दोन सेकंदांत. आता सेकंदाला दोन मेगाबिटच्या नेटवर हा प्रोग्राम उतरवला तर पहिल्याला १२० सेकंद लागतात आणि दुसऱ्याला ८२. जड कॉम्प्रेशन स्पष्ट जिंकते, त्याचे दोन सेकंद कोणाच्या ध्यानातही येणार नाहीत. तेच बुलढाणा शहरात ८० मेगाबिटचे नेट मिळाले तर पहिला ३.१ सेकंदांत आणि दुसरा ४ सेकंदांत. म्हणजे हलके कॉम्प्रेशन पुढे. सीमारेषा साधारण ४२ मेगाबिटवर येते. आता नेट सोडा, फोनच्याच स्टोरेजमधून सेकंदाला १५० एमबीने वाचायचे आहे असे धरा. न दाबलेला प्रोग्राम पूर्ण वाचायला ०.४ सेकंद, एलझेडफोरचा ०.३ आणि एलझेडएमएचा २.१ सेकंद. जो प्रकार सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरकडे, उतरवताना अर्ध्या मिनिटाहून जास्त वाचवतो, तोच प्रकार रोज उघडताना पाच पटीने मागे पडतो. एकाच प्रोग्रामला, एकाच फोनवर, दोन ठिकाणी दोन उलटी उत्तरे. म्हणून ‘सर्वांत चांगले कॉम्प्रेशन कोणते’ हा प्रश्न जागा सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

हा हिशेब कागदावरचाच नाही, हे लिनक्सच्या जगातल्या दोन निर्णयांवरून दिसते. आर्च लिनक्सने २०१९ च्या अखेरीस आपली पॅकेजे एलझेडएमएवर आधारलेल्या एक्सझेडमधून झेडस्टॅण्डर्डमध्ये हलवायला सुरुवात केली. त्यांनी जाहीर केलेला परिणाम असा: सर्व पॅकेजांचा मिळून आकार जेमतेम ०.८ टक्के वाढला आणि उलगडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी वाढला. इतका एकतर्फी सौदा क्वचित दिसतो, आणि तो दिसला कारण दाबण्याचे कष्ट पॅकेज बांधणाऱ्यांच्या संगणकांनी घेतले. झेडस्टॅण्डर्डला दाबताना हवा तितका वेळ दिला तरी त्याचा उलगडायचा वेग फारसा घटत नाही. हा गुण प्रोग्रामांसाठी सोन्यासारखा आहे, कारण प्रोग्राम एकदा दाबला जातो आणि लाखो वेळा उलगडला जातो. दुसरे उदाहरण उबुंटूच्या स्नॅप पॅकेजांचे. स्नॅप ही दाबलेली फाइलप्रणालीच असते आणि प्रोग्राम चालताना त्यातूनच पाने उलगडली जातात. सुरुवातीला त्यातही एक्सझेड होते, आणि क्रोमियम ब्राउझर पहिल्यांदा उघडायला लागणाऱ्या वेळाबद्दल वापरणाऱ्यांनी कुरकुर केली. २०२० मध्ये उबुंटूने हलके एलझेडओ आणले; फाइल फुगली, पण ब्राउझर लवकर उघडू लागला. पहिल्या उदाहरणात गाठ एकदाच सुटते, दुसऱ्यात दर वेळी. दोन्हीकडे एक्सझेडच काढले, पण दुसरीकडे ते ठेवणे मुळातच चुकीचे होते.

मोबाइलकडे वळले की हाच धडा अँड्रॉइडला किती वेळा गिरवावा लागला ते दिसते. २०१४ च्या अँड्रॉइड ५ ने प्रत्येक ॲप इन्स्टॉल करतानाच यंत्रभाषेत उतरवायला सुरुवात केली. ॲप वेगाने चालू लागले, पण इन्स्टॉलला वेळ लागू लागला, जागा जास्त जाऊ लागली, आणि सिस्टीमचा अपडेट आला की ‘ॲप्स ऑप्टिमाइझ होत आहेत’ असे म्हणत फोन बराच वेळ अडकून राहायचा. २०१६ च्या अँड्रॉइड ७ ने मधला मार्ग काढला: जो भाग तुम्ही खरोखर वापरता तेवढाच नंतर, फोन चार्जिंगला लावून पडलेला असताना यंत्रभाषेत आणायचा. यंत्रभाषेतल्या लायब्ररींची गोष्ट आणखी बोलकी आहे. अँड्रॉइड ॲपची फाइल, म्हणजे एपीके, ही मुळात झिप फाइल. त्यातल्या लायब्ररी दाबलेल्या असल्या तर इन्स्टॉल करताना त्या उलगडून वेगळ्या ठेवाव्या लागत; म्हणजे फोनमध्ये दाबलेली एक आणि उलगडलेली एक अशा दोन प्रती. अँड्रॉइड ६ पासून लायब्ररी एपीकेमध्ये न दाबता ठेवून तिथूनच पाने उचलण्याची सोय झाली. एपीके फुगलेले दिसते, पण फोनमध्ये एकच प्रत राहते, एकूण जागा कमी लागते आणि प्ले स्टोअर उतरवण्याच्या वाटेवर स्वतःचे कॉम्प्रेशन लावतच असते. आत गाठ मारलीच नाही म्हणून बाहेरची गाठ जास्त घट्ट बसते. फाइलचा आकार पाहून ॲप लहान की मोठे ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उतरवायचा आकार, इन्स्टॉलनंतरचा आकार आणि चालताना मेमरीत लागणारा आकार हे तीन वेगळे आकडे आहेत आणि एक घटवताना दुसरा वाढतो.

तरीही घरात गाठ कधीच नको, असे नाही. हुआवेईच्या अभियंत्यांनी घडवलेली आणि २०१९ मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात स्थिरावलेली ईआरओएफएस ही फाइलप्रणाली फोनचा न बदलणारा सिस्टीम भाग एलझेडफोरने दाबून ठेवते. तिची खुबी अशी की दाबलेला तुकडा ठरलेल्या मापाचा असतो, त्यामुळे एक पान हवे असताना शेजारचा फापटपसारा वाचावा लागत नाही. स्वस्त फोनची स्टोरेज मंद असते, भरत आली की आणखी मंदावते. तिथे कमी वाचून झटकन उलगडणे हे सगळे वाचण्यापेक्षा परवडते. फ्लॉपीच्या काळचे समीकरण इथे पुन्हा हजर झाले आहे, फरक इतकाच की उलगडायचे एकक आता अख्खा प्रोग्राम नसून पान आहे, म्हणून मागणीप्रमाणे पाने आणणे, ती वाटून घेणे, नको झाली की टाकून देणे, हे सगळे शाबूत राहते. कॉम्प्रेशन प्रोग्रामच्या पोटात घालण्याऐवजी फाइलप्रणालीच्या हाती दिल्यावर जुने आक्षेप बहुतेक गळून पडतात.

अपडेटच्या प्रश्नात मात्र कॉम्प्रेशनची मर्यादाच उघडी पडते. अख्खा प्रोग्राम कितीही दाबला तरी निम्मा, निदान एक तृतीयांश उरतोच. पण जुनी आवृत्ती फोनमध्ये आहेच, मग फक्त फरक का पाठवू नये? गुगल क्रोमच्या मंडळींनी २००९ मध्ये दिलेले आकडे आजही डोळे उघडणारे आहेत: एका अपडेटची पूर्ण फाइल १,०३,८५,९२० बाइट, कॉलिन पर्सिव्हल यांच्या बीएसडिफने काढलेला फरक ७,०४,५१२ बाइट आणि क्रोमच्याच कूरजेट या साधनाने काढलेला फरक अवघा ७८,८४८ बाइट. कूरजेट करते काय, तर मघाचीच पत्त्यांची युक्ती मोठ्या प्रमाणावर. एक ओळ वाढली की पुढचे सगळे पत्ते सरकतात, ते सरकणे वगळून खरा बदल तेवढा टिपायचा. २०१६ च्या डिसेंबरमध्ये प्ले स्टोअरनेही फाइलनिहाय फरक पाठवायला सुरुवात केली आणि हे अपडेट पूर्ण ॲपपेक्षा सरासरी ६५ टक्क्यांनी लहान असतात असे सांगितले. पण यासाठी फोनला जुने एपीके उलगडून, फरक लावून, पुन्हा अगदी तंतोतंत तसेच दाबावे लागते, आणि त्या काळच्या चांगल्या फोनवरही या दाबण्याला एका एमबीमागे सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागत होता. म्हणून गुगलने ही सोय फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटपुरती ठेवली, जेव्हा समोर कोणी वाट पाहत बसलेले नसते. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. अल्गोरिदम तोच, वेळही तेवढाच, पण तो कोणाच्या डोळ्यांसमोर खर्च होतो याला किंमत दिली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला आहे, पाच-दहा एमबीची चिंता कशाला. गुगल प्लेने २०१७ मध्ये मांडलेले निरीक्षण याच्या उलट बोलते: एपीके ६ एमबीने वाढले की ॲप पाहून ते प्रत्यक्ष इन्स्टॉल करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक टक्क्याने घसरते, आणि भारत-ब्राझीलसारख्या देशांत आकार घटवल्याचा फायदा श्रीमंत देशांपेक्षा जास्त होतो. यात फक्त डेटाचा पैसा नाही. फोनमधली जागा लग्नाचे व्हिडिओ आणि शाळेच्या ग्रुपवरच्या फाइलींनी भरलेली असते. नवे ॲप घ्यायचे तर काहीतरी पुसावे लागते. आणि डेटा स्वस्त झाला म्हणून सगळीकडे रेंज आली असे होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्ले स्टोअर वाटेवर दाबते, फोनप्रमाणे हवे तेवढेच तुकडे पाठवते, हे सगळे स्टोअरवरून घेणाऱ्यांसाठी. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपना ॲप बंडल (ॲप तुकड्यांत देण्याची पद्धत) सक्तीचे झाल्यावर ज्याच्या फोनची भाषा मराठी त्याला मराठी, ज्याचा प्रोसेसर ३२ बिटचा त्याला तोच भाग, असे मिळते. पण गावात ॲप पुष्कळदा एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरते, व्हॉट्सॲपवर एपीके येते. तिथे स्टोअरचे कॉम्प्रेशन नाही, निवडक तुकडे नाहीत. सगळ्या प्रोसेसरांचा माल भरलेली एकच जाडजूड फाइल लागते. मग लायब्ररी आत दाबून ठेवणेच योग्य नाही का? अशा वाटपासाठी, होय. पण अशा एपीकेचा वेगळा धोका आहे: ती कोणी बदलून फिरवली तर साध्या माणसाला कळणार नाही, आणि पिकांच्या, जमिनीच्या, बँकेच्या कामाच्या ॲपबाबत तो धोका आकाराच्या सोयीपेक्षा मोठा आहे. म्हणून सरकारी ॲपने हातोहात फिरणाऱ्या फाइलीसाठी स्वतःचा आकार ठरवण्यापेक्षा स्टोअरवरून उतरवणे सोपे व्हावे इतके लहान राहावे. सुरक्षेच्या नावाखाली काही ॲपांवर चढवले जाणारे कवच हाही याच प्रश्नाचा भाग. ते सुरू होताना सगळा कोड मेमरीत उलगडते आणि यूपीएक्सचे जुने दोष परत आणते.

तिसरा आक्षेप हौशी प्रोग्रामरांचा. जर्मनीच्या एका गटाने २००४ मध्ये ९६ किलोबाइटमध्ये बसवलेला त्रिमिती खेळ, ‘.क्रीगर’, दाखवून ते म्हणतात की आकाराला तळ नसतो. त्या करामतीला दाद द्यायलाच हवी. पण तो खेळ सुरू होताना सगळी चित्रे आणि आकार हिशेबाने नव्याने तयार करतो. त्याला बराच वेळ आणि शेकडो एमबी मेमरी लागते. आकार संपवला नाही, तो वेळात आणि मेमरीत हलवला. स्पर्धेत ते चालते.

मेमरी हाच तो कोपरा, जिथे गरीब फोनचा जीव गुदमरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. २ जीबी रॅमचे हँडसेट, भरून जाणारी जागा, सतत हँग होणे आणि पोषण ट्रॅकर ॲपमधली इंग्रजी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यातली भाषेची तक्रार वेगळ्या लेखाचा विषय आहे. बाकीच्या तक्रारी मात्र नेमक्या या हिशेबातल्या आहेत. २ जीबीच्या फोनवर सिस्टीम आपला वाटा घेते, व्हॉट्सॲप घेते. उरलेल्यात बालकांची वजने भरायचे ॲप. त्याची पाने फाइलमधून सरळ आलेली असतील तर फोन अडचणीत ती टाकू शकतो आणि लागली की परत आणू शकतो. ती स्वतः उलगडून बसलेली असतील तर फोनकडे दोनच वाटा राहतात: मेमरीतच त्यांना पुन्हा दाबून ठेवणे, ज्यात प्रोसेसर खर्ची पडतो, नाहीतर ॲपच बंद करणे. सेविकेला दिसते ते एवढेच की फोटो काढायला कॅमेरा उघडला आणि परत आल्यावर अर्धा भरलेला फॉर्म गेला. अशा वेळी फोन हलका होता हे खरे, पण ॲपने त्या फोनसाठी स्वतःला मापून घेतले होते का, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा लेख लिहिला होता, त्याला तीस वर्षे झाली आणि प्रोग्राम फुगतच गेले. कॉम्प्रेशनबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे की ते या फुगण्याला पांघरूण घालते. न लागणारी लायब्ररी, कधीच न बोलावलेले कोड, दहा आकारांतली तीच चित्रे, हे सगळे दाबून लहान दिसते, पण उलगडल्यावर पुन्हा तेवढेच. सरकीसकट गाठ बांधण्यात शहाणपण नाही. अँड्रॉइडवर आर-एटसारखी साधने न वापरलेला कोड शोधून काढून टाकतात. त्यातून वाचलेला एक एमबी उतरवताना, साठवताना आणि चालवताना, तिन्ही ठिकाणी वाचतो, आणि त्यासाठी कोणालाही वेळ मोजावा लागत नाही. म्हणून क्रम असा हवा की आधी काढा, मग फोनप्रमाणे तुकडे करा, मग वाटेसाठी जड कॉम्प्रेशन लावा, आणि फोनमध्ये पोहोचल्यावर ते सोडून टाका किंवा पानापानाचे हलके कॉम्प्रेशन फाइलप्रणालीवर सोपवा. यात वेग आणि आकार यांच्यातला झगडा पुरता मिटत नाही, पण तो जिथे खरोखर आहे तेवढ्याच जागी उरतो.

शासनाच्या ॲपांच्या निविदांत सर्व्हर किती वापरकर्ते पेलेल याचा रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी चार रकाने घालावेत: मराठी भाषेच्या फोनवर उतरवायचा आकार, इन्स्टॉलनंतरची जागा, २ जीबी रॅमच्या फोनवर पूर्ण बंद अवस्थेतून सुरू व्हायला लागणारे सेकंद, आणि त्याच फोनवर कॅमेरा वापरून परत आल्यावर फॉर्म जागेवर राहतो की नाही. हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक स्वस्त फोन, एक घड्याळ आणि जळगाव जामोदकडचे एक शेत पुरते. शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून ही मोजणी हाती घ्यावी आणि पुढच्या खरिपाची नोंदणी सुरू होण्याआधी ती छापून द्यावी.